'नंतर बघू' म्हणायच्या आधी: रॉक बँडचा अल्बम, फोनवरच्या डेमोपासून रिलीजच्या शुक्रवारपर्यंत

अल्बम करायचं ठरवलेल्या बँडकडे साधारण चौदा-पंधरा गाणी असतात आणि त्यातली सहा-सातच पूर्ण झालेली असतात. बाकीच्यांत कुठे दुसऱ्या कडव्याला शब्द नसतात, कुठे शेवट सापडलेला नसतो, कुठे मधला गिटारचा तुकडा दरवेळी वेगळाच वाजतो. 'स्टुडिओत गेलो की सुचेल' असं सगळे म्हणतात. सुचत नाही. तिथे घड्याळ चालू असतं, ड्रमर दमलेला असतो आणि काचेपलीकडचा इंजिनिअर तुमच्याकडे बघत बसलेला असतो.

मी एका ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडमध्ये बेस वाजवतो आणि अधूनमधून दुसऱ्या बँडच्या रेकॉर्डिंगलाही बसतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुरती पटली आहे: जो निर्णय जिथे स्वस्तात होतो तिथेच तो उरकावा. गाण्याची लय तालमीत बदलायला एक मिनिट लागतं. ड्रम रेकॉर्ड झाल्यावर बदलायची तर एक दिवस जातो. मिक्सच्या वेळी, म्हणजे सगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं एकत्र जुळवताना, बदलायची म्हटली तर ते गाणं मुळापासून पुन्हा करावं लागतं. म्हणून खालचा क्रम कामाचा आहे तसाच निर्णयांचाही आहे.

गाणी भिंतीवर लावा

पहिलं काम कागदाचं. सगळ्या गाण्यांची यादी करून भिंतीवर चिकटवा. प्रत्येक गाण्यापुढे लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), सूर कुठला, गिटारचं ट्यूनिंग कुठलं, लांबी किती आणि काय बाकी आहे ते लिहा. आम्ही पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा अकरापैकी पाच गाणी 118 ते 124 बीपीएमच्या मध्ये निघाली आणि त्या पाचपैकी चार ई मायनरमध्ये. सुटी वाजवताना कधी जाणवलं नव्हतं. ओळीने ऐकली तर एकच लांबलचक गाणं चालू आहे असं वाटलं असतं.

शांत कडवं आणि मग फुटणारा कोरस ही या संगीताची जुनी युक्ती. एका गाण्यात अंगावर काटा येतो, चौथ्या गाण्यात श्रोता आधीच सावरून बसलेला असतो. दोन गाण्यांत उलटं करून बघा. कोरसला वाद्यं काढून घ्या, किंवा आवाज चढवायचाच नाही असं ठरवा.

गाणं पक्कं आहे का हे कळायला एक ऍकॉस्टिक गिटार आणि गळा एवढ्यावर ते गाऊन बघतात. ही परीक्षा चांगली आहे, पण सगळ्या गाण्यांना लावू नका. फीडबॅक (अँपसमोर गिटार आपोआप घुमू लागते तो आवाज) आणि फझच्या (खरखरीत, फाटलेल्या आवाजाच्या) भिंतीवर उभी असलेली गाणी ऍकॉस्टिकवर केविलवाणी वाटतात. तो गाण्याचा दोष नव्हे. अशा गाण्याला वेगळा प्रश्न विचारा: या आवाजात सगळे तीन मिनिटं नुसते बसून राहिले, तर पुढे काय होणार याची उत्सुकता टिकते का?

एकूण लांबी 35 ते 45 मिनिटांत बसवा. व्हायनल काढायचा विचार असेल तर हे आजच ठरवावं लागतं, कारण 33⅓ आरपीएमच्या 12 इंची तबकडीच्या एका बाजूला 18 ते 22 मिनिटं नीट मावतात. त्यापुढे आवाजाची पातळी खाली आणावी लागते. जड, मोठ्या आवाजाच्या संगीताला तर 18च्या आसपास राहिलेलं बरं.

तालीम, पण रेकॉर्ड करून

तालमीच्या खोलीत मधोमध फोन ठेवा आणि प्रत्येक गाणं रेकॉर्ड करा. मग घरी जाऊन, वाद्य हातात न घेता ऐका. वाजवताना मजा आली म्हणून आठ वेळा फिरवलेला रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) ऐकताना चार वेळातच पुरेसा होतो, हे फोनच सांगतो. पहिल्या शब्दापर्यंत पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. लांब सुरुवातीला माझी हरकत नाही, पण ती लांबी मुद्दाम ठेवलेली असावी, सवयीने राहिलेली नसावी.

लयीचं भांडण इथेच मिटवा. रंगमंचावर सगळं थोडं वेगात जातं, म्हणून लाइव्हच्या आठवणीवरून टेम्पो ठरवू नका. कडवं 122 आणि कोरस 125 असं गाणं स्वाभाविकपणे चढत असेल तर क्लिकलाही (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीलाही) तसंच चढवता येतं. त्याला टेम्पो मॅप म्हणतात आणि तो करायला पाच मिनिटं पुरतात. क्लिक नकोच असंही एखाद्या गाण्याबद्दल ठरू शकतं. मात्र मग पुढे वेगवेगळ्या टेकचे (एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या वेळच्या रेकॉर्डिंगचे) तुकडे जोडणं आणि इलेक्ट्रॉनिक आवाज बसवणं अवघड जाणार, हे कबूल करून ठरवा. ड्रमरला क्लिकची सवय नसेल तर ती सवय स्टुडिओत लावायची नसते. महिनाभर आधीपासून रोज थोडा वेळ द्यायला लागतो.

सूर गायकाला झेपतो का हेही इथेच पाहा, आणि तालमीच्या शेवटी पाहा. पहिल्या गाण्याला सगळ्यांचाच गळा चालतो. अर्धा सूर खाली आणायचा तर गिटारच्या तारा सैल कराव्या लागतात, तारा सैल झाल्या की रिफचं वजन बदलतं, ते बदललं की बेसवाल्याला जाडी तार घ्यावी लागते. ड्रमच्या तिसऱ्या दिवशी हे लक्षात आलं तर कोणाच्याच हातात काही राहत नाही.

तयारीने जाण्याचा फायदा किती, तर निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा पहिला अल्बम 'ब्लीच' प्रोड्यूसर जॅक एंडिनोच्या हाताखाली सुमारे 30 तासांच्या स्टुडिओ वेळेत झाला. बँड गाणी घोटून आत गेला होता. उलट माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस' अल्बमला दोन वर्षांहून जास्त काळ लागला आणि बँड डझनाहून अधिक स्टुडिओ फिरला. दोन्ही अल्बम मोठे. पण दुसऱ्या रस्त्याने जायला पाठीशी रेकॉर्ड कंपनी लागते, आणि तिलाही तो खर्च झेपतोच असं नाही.

तालमी चालू असतानाच एक रुक्ष काम उरका. कुठल्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के हे एका पानावर लिहून सगळ्यांनी सही करा. गाण्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा हक्क वेगळा, म्हणून दोन्हींची वाटणी स्वतंत्र लिहा. मैत्रीत हे विचित्र वाटतं. पण गाण्याला पैसे मिळायला लागल्यावर ते करणं त्याहून विचित्र वाटतं.

स्टुडिओ निवडताना खोली ऐका

उपकरणांची यादी वाचत बसू नका. स्टुडिओत जाऊन ड्रमच्या जागी उभे राहा आणि टाळी वाजवा. टाळीनंतर कर्कश झंकार उठत असेल तर तोच झंकार तुमच्या प्रत्येक सिंबलवर (ड्रमच्या धातूच्या थाळीवर) बसणार आहे. पैसे बेताचे असतील तर चांगल्या खोलीचं भाडं फक्त ड्रमसाठी भरा. बेस, बरीचशी गिटार आणि गायन लहान जागेत, अगदी कपड्यांच्या कपाटाशेजारीही होऊ शकतं. आणि खोली म्हणजे स्टुडिओच असंही नाही. रेडिओहेड या बँडने 'ओके कॉम्प्युटर' अल्बमचा बराच भाग सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या हवेलीत रेकॉर्ड केला आणि एका गाण्याचा गळा चक्क दगडी जिन्यात टिपला. ती घुमारी नंतर चिकटवलेली नाही, हे ऐकू येतं.

इंजिनिअरला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. तुम्ही केलेलं याच जातीचं एखादं काम ऐकवाल का? शेवटी आम्हाला कच्च्या फाइली मिळणार का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? दिवस म्हणजे किती तास, आणि माइक लावायचा वेळ त्यात धरलेला आहे का? शेवटचा प्रश्न न विचारल्यामुळे आम्ही एकदा अर्धा दिवस गमावला आहे. दहा तासांचा दिवस समजून गेलो, तो मांडणीसकट आठ तासांचा निघाला.

प्रोड्यूसर घ्यायचा की नाही? बँडमध्ये वाद झाला की शेवटचा शब्द कोणाचा, याला तुमच्याकडे आधीच उत्तर असेल तर कदाचित नको. नसेल तर बाहेरचा माणूस हवाच. पैशाचा करार कामाआधी लिहून घ्या: ठरावीक रक्कम, की पुढच्या उत्पन्नात वाटा. रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी आयुष्यभर ठरावीक मानधन घेत राहिला आणि रॉयल्टी नाकारत राहिला, निर्वाणाच्या 'इन युटेरो'वरसुद्धा. बहुतेक लोक तसे नसतात, आणि तसं नसण्यात चूकही नाही.

वेळेचा अंदाज सांगायचा तर दहा गाण्यांना ड्रमचे तीन दिवस, बेसचा एक, गिटारचे चार, गळ्याचे चार, वरच्या बारीकसारीक आवाजांचे दोन, आणि प्रत्येक गाण्याच्या मिक्सला साधारण एक दिवस. ही घोटून गेलेल्या बँडची गणितं आहेत.

आदल्या दिवशी

ड्रमची हेड (वरची कातडी) नवीन लावा आणि ट्यून करून एक रात्र बसू द्या. गिटारच्या तारा एक दिवस आधी बदला, त्याच सकाळी नको, कारण नव्या तारा ताणत राहतात. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर खरा लागतो का) तपासा: बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) जुळत नसेल तर वरच्या पट्टीतले सगळे कॉर्ड बेसूर लागणार आणि दोष मात्र गायकावर येणार. आमच्याकडे हेच घडलं. दोन दिवस गायकाला 'सूर बघ जरा' म्हणत होतो, नंतर कळलं की उजवीकडची गिटारच सातव्या फ्रेटपासून पुढे चढी होती. सहा गाण्यांची गिटार पुन्हा वाजवली आणि गायकाची माफी मागितली. ती अजून पूर्ण मिळालेली नाही.

ड्रम: इथे घाई नको

पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ एकही टेक न घेता जातो. जाऊ द्या. जो ड्रम खोलीत कानाला वाईट लागतो तो कुठल्याही माइकने चांगला लागत नाही. आधी ट्यूनिंग, मग कुठे काय खडखडतंय, पेडल कुठे चूंचूं करतं, हे निस्तरा. ड्रमरला सिंबल थोडे हळू आणि स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) जोरात मारायला सांगा. ऐकायला सोपं वाटतं, पण रॉक ड्रमरच्या हाताची सवय याच्या नेमकी उलट असते, आणि जोरात वाजलेला हायहॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) स्नेअरच्या माइकमध्ये शिरला की मिक्समध्ये स्नेअर वर आणताना तोही सोबत येतो.

आता माइक. किकला एक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, टॉमना (बाकीच्या ड्रमना) एकेक, डोक्यावर दोन ओव्हरहेड, आणि खोलीत लांब एक-दोन. दहा माइक म्हणजे एकच आघात दहा वेगवेगळ्या क्षणी पोचणार. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 34 सेंटिमीटरच्या फरकाला एक मिलिसेकंद. डावा ओव्हरहेड स्नेअरपासून उजव्यापेक्षा 34 सेंटिमीटर लांब असेल, तर दोन्ही एकत्र केल्यावर 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. स्नेअर पुठ्ठ्यासारखा का वाजतोय याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं, आणि इक्वलायझरने ते भरून येत नाही.

उपाय एका दोरीचा. दोरीचं टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, ताणून डाव्या ओव्हरहेडपर्यंत न्या, तिथे चिमटीत पकडा आणि तीच लांबी उजवीकडे लावा. जुळत नसेल तर माइक सरकवा. मग सगळं मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) ऐकत एकेका माइकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला आवाजाला पोट येतं ती बाजू बरोबर. स्नेअरच्या खालच्या माइकची जवळपास नेहमीच उलटी करावी लागते, कारण वरून मारलेलं कातडं त्याच्याकडे ढकललं जातं आणि वरच्या माइकपासून दूर जातं.

पातळीची भीती बाळगू नका. 24 बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर सर्वात मोठा ठोका उणे 10 डेसिबलच्या आसपास आला तरी पुष्कळ. लाल दिव्याला खेटून रेकॉर्ड करायचे दिवस टेपबरोबर गेले. सॅम्पल रेट 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ, कुठलाही चालेल, पण शेवटपर्यंत तोच ठेवा.

टेक घेताना गिटार, बेस आणि गळा सोबत वाजू द्या, फेकायचा असला तरी. ड्रमर माणसांसोबत वाजवतो तेव्हा वेगळा वाजवतो. तीन-चार टेक झाले की थांबून बसून ऐका. सहावा टेक क्वचितच तिसऱ्यापेक्षा चांगला असतो, फक्त जास्त नीटनेटका असतो. निवड लगेच करा आणि वहीत लिहा. 'सगळे ठेवू, नंतर बघू' म्हणून चाळीस टेक घरी नेणारा बँड मी पाहिला आहे. त्यांनी शेवटी पहिल्या दिवशीचाच दुसरा टेक वापरला, फक्त तीन आठवड्यांनी.

बेस आणि गिटार

बेस दोन वाटांनी घ्या: एक थेट डीआय बॉक्समधून (अँपशिवाय वाद्य सरळ रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या पेटीतून), एक अँपसमोरच्या माइकने. अँपचा आवाज हवेतून आल्यामुळे तो किंचित उशिरा असतो. मोठं करून बघून दोन्ही लाटा जुळवा, नाहीतर खालचा भाग पोकळ होतो. माझ्याच वाद्याबद्दल सांगतो: बेस एकटा ऐकताना जो सुंदर वाटतो तो मिक्समध्ये गायब होतो. थोडी घरघर, थोडं डिस्टॉर्शन असलेला बेसच गिटारच्या भिंतीतून ऐकू येतो.

गिटारवाल्यांना न पटणारी गोष्ट म्हणजे गेन (अँपमधली विकृती वाढवणारं बटण) कमी करा. रंगमंचावर जो सेटिंग भव्य वाटतो, तो रेकॉर्डिंगवर माशा घोंघावल्यासारखा येतो. गेन निम्मा करा आणि तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. कॉपी-पेस्ट चालत नाही, कारण दोन वादनांतला सूक्ष्म फरकच रुंदी देतो. दुसऱ्यांदा वाजवताना गिटार किंवा अँप बदललात तर आणखी उत्तम. माइक स्पीकरच्या मधोमध ठेवला तर धारदार आवाज येतो, कडेकडे नेला की गोलाई येते. या तीन-चार सेंटिमीटरमध्ये जेवढा फरक आहे तेवढा महागड्या प्रीअँपमध्ये (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रात) नाही. एकाने हेडफोन लावून ऐकावं, दुसऱ्याने माइक हळूहळू सरकवावा, आवडलं की जमिनीवर चिकटपट्टी लावावी.

इफेक्टचं काय? वाजवणं ज्याच्यावर अवलंबून आहे तो इफेक्ट सोबतच रेकॉर्ड करा. डीलेच्या (प्रतिध्वनीसारख्या) ठोक्यांवर रिफ बांधला असेल किंवा फझमुळे स्वर तुटत असेल तर तो वाद्याचाच भाग आहे. नुसती सजावट असलेला रिव्हर्ब (घुमारा) मागाहून घाला. धास्ती वाटत असेल तर साधा डीआय सिग्नलही बाजूला ठेवा, म्हणजे गरज पडल्यास तो पुन्हा अँपमधून काढता येतो. मी तो ठेवतो आणि बँडला सांगत नाही. सांगितलं की 'नंतर बघू' सुरू होतं.

फीडबॅक हवा असेल तर अँपच्या खोलीत उभं राहून वाजवा, आणि तो नेमका कुठल्या स्वरावर सुटतो ते आधी शोधून ठेवा. ट्यूनर प्रत्येक टेकआधी. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

गळा

दिवसाला गळ्याचे दोन-तीन चांगले तासच मिळतात. म्हणून ओरडायची गाणी एका दिवशी कोंबू नका, आणि शक्य असेल तर गिटारच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक गाणं गाऊन घ्या. हेडफोनमधलं मिक्स गायकाच्या मनासारखं होईपर्यंत टेक सुरू करू नका. स्वतःचा आवाज फार मोठा ऐकू आला की माणूस दबकून गातो, फार बारीक आला की ओरडतो. एक कान उघडा ठेवून गाणारे पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

पूर्ण गाणं चार-पाच वेळा सलग गाऊन घ्या आणि त्यातून ओळीओळीने उत्तम ते जोडा. जोडताना गायकाला खोलीत बसवू नका, त्याला फक्त चुकाच ऐकू येतात. सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर सगळेच वापरतात, प्रश्न किती एवढाच. या संगीतात तुटलेला, किंचित खाली घसरलेला स्वर पुष्कळदा ओळीचा अर्थच असतो. तो सरळ केला की ओळ मरते.

रोज रात्री सगळ्या फाइलींच्या तीन प्रती: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. फाइलीच्या नावात गाणं, वाद्य आणि टेकचा आकडा घाला. 'फायनल' हा शब्द नावात घालायला बंदी करा.

मिक्स दुसऱ्याच्या कानाने

ज्याने रेकॉर्ड केलं त्यानेच मिक्स केलं तर पैसे वाचतात, पण कान शिळे झालेले असतात. निर्वाणाच्याच 'नेव्हरमाइंड'चं रेकॉर्डिंग प्रोड्यूसर बुच विगने 1991 साली साउंड सिटी स्टुडिओत केलं आणि मिक्स मात्र अँडी वॉलेसकडे गेलं. तसाच काहीसा प्रकार दोन वर्षांनी झाला: 'इन युटेरो' अल्बिनीने रेकॉर्ड आणि मिक्स केला, पण सिंगल म्हणून निघायच्या दोन गाण्यांचं मिक्स स्कॉट लिटने नव्याने केलं. यावर चाहत्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मिक्स करणाऱ्याला फाइलींसोबत तुमचं कच्चं मिक्सही पाठवा आणि त्यात काय आवडतं ते लिहा. संदर्भ म्हणून दोन-तीन रेकॉर्डिंग पुरेत. वीस दिलीत तर तुम्हालाच काय हवं ते माहीत नाही असा अर्थ होतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. सूचना एकाच माणसाने गोळा करून पाठवाव्यात. चार जणांनी चार मेसेज केले की प्रत्येकाचं वाद्य वर जातं आणि गाणं जिथल्या तिथे राहतं. 'आणखी दम हवा' यापेक्षा '1:42ला दुसरी गिटार गळ्यावर चढते' असं लिहा. किती वेळा सुधारणा करून मिळणार हे आधी ठरवा. तीन फेऱ्या पुरतात.

ऐकताना आवाज अगदी बारीक करा. बारीक आवाजात गळा, स्नेअर आणि मुख्य रिफ ऐकू येत असतील तर तोल ठीक आहे. मोठ्या आवाजात कानाला खालचे आणि वरचे स्वर जास्त भरून ऐकू येतात, म्हणून सगळंच छान वाटतं. फोनच्या स्पीकरवर ऐका, गाडीत ऐका, शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून ऐका. आणि मोनोमध्ये ऐका, कारण डाव्या-उजव्या गिटारच्या रुंदीची पोल तिथे उघडी पडते.

मिक्स मंजूर झालं की त्याच दिवशी गळ्याशिवायचं मिक्स आणि वाद्यगटांचे वेगळे स्टेम्स काढून घ्या. वर्षभराने कोणी चित्रफितीसाठी मागितलं तर तोच प्रकल्प तसाच उघडेल याची खात्री नाही.

मास्टरिंग

इथे गाण्यांचा अल्बम होतो: क्रम, मधली शांतता, एकमेकांशी जुळणारी पातळी. जोराचं वेड सोडा. स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाला) पातळी आणतं, म्हणजे चेपून चेपून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं आणि चेपल्याचा चपटेपणा तेवढा उरतो. याचा अर्थ उणे 14 गाठायलाच हवं असाही नाही. रॉक त्याहून मोठा असतो, असू दे. तुमचा शांत भाग शांत राहिला आणि कोरस फुटला, की मापाचा आकडा काहीही येवो. ट्रू पीक (आवाजाच्या लाटेचं सर्वोच्च टोक) मात्र उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवा, कारण फाइल लहान करताना टोकं आणखी वर जातात.

व्हायनलसाठी वेगळा मास्टर लागतो. खालचा बेस मध्यात आणावा लागतो, 'स' आणि सिंबलची धार आवरावी लागते. तबकडीच्या आतल्या कड्यांत वरचे स्वर हरवतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत असेल तर उत्तम. गाण्यांचा क्रम ठरवताना हे कोणाच्याच डोक्यात नसतं. चाचणी तबकडी आली की पूर्ण ऐका, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर.

मुखपृष्ठ, कोड, नावं

मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेल, चौकोनी. अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, त्या आकारातच बहुतेकांना ते दिसणार आहे. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड (त्या रेकॉर्डिंगची ओळख) लागतो. तो 12 चिन्हांचा असतो: दोन अक्षरांचा आरंभीचा कोड, तीन चिन्हं नोंदणी करणाऱ्याची, दोन आकडे वर्षाचे, पाच आकडे त्या ट्रॅकचे. सिंगल म्हणून आधी निघालेलंच रेकॉर्डिंग अल्बमवर येत असेल तर कोड तोच ठेवायचा, म्हणजे आधी ऐकलं गेलेलं मोजणीत राहतं. नवं मिक्स असेल तर नवा कोड. पूर्ण अल्बमला वेगळा यूपीसी कोड लागतो, तो बहुतेक वितरक (अल्बम स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपन्या) देतात.

बँडचं नाव, गाण्यांची नावं, गीतकारांची नावं सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखी लिहा. हक्कांच्या संस्थेकडे नोंदवलेलं नाव आणि वितरकाकडे दिलेलं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर पैसे तुमच्यापर्यंत न येता अडकून पडतात. दुसऱ्याचं गाणं घेतलं असेल तर परवाना, आणि कोणाच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वापरला असेल तर गाणं आणि मास्टर या दोन्हींची परवानगी लागते. 'दोनच सेकंदांचा आहे' हे उत्तर चालत नाही.

तारीख

10 जुलै 2015पासून नवं संगीत जगभर शुक्रवारी प्रकाशित व्हायचा पायंडा आहे. तारीख उलटी मोजत या. व्हायनल छापून यायला महिने लागतात, तेव्हा ती सर्वात आधी. वितरकाकडे फाइली किमान चार-सहा आठवडे आधी द्या. स्पॉटिफायवर प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांपुढे एक गाणं ठेवता येतं, ते रिलीजच्या किमान 7 दिवस आधी. त्या मुदतीत ठेवलं की तुमच्या फॉलोअरना ते रिलीज रडारमध्येही (प्रत्येकासाठी आपोआप बनणाऱ्या नव्या गाण्यांच्या यादीत) दिसतं. सगळे मास्टर हातात येण्याआधी तारीख जाहीर करू नका. हे वाक्य मी तीन बँडना सांगितलं, तिघांनीही आधी जाहीर केली.

दहा गाण्यांच्या अल्बमआधी दोन किंवा तीन सिंगल, मध्ये चार-पाच आठवड्यांचं अंतर. पहिलं सिंगल सर्वात चांगलं गाणं नसलं तरी चालेल, पण बँड कसा आहे ते त्यातून कळायला हवं. लांबलचक सात मिनिटांचं गाणं अल्बमसाठी राखा. ज्यांना ते आवडणार आहे ते तिथपर्यंत येतातच. लिहिणाऱ्यांना, रेडिओवाल्यांना खासगी लिंक महिनाभर आधी पाठवा, सोबत तीन ओळी आणि एक चांगला फोटो. आठ परिच्छेदांचं चरित्र कोणी वाचत नाही.

गुरुवारी रात्री जागेच राहणार असाल तर एक काम करा. मध्यरात्र झाली की प्रत्येक सेवेवर अल्बम स्वतः उघडा. तुमच्याच पानावर आहे ना, की त्याच नावाच्या दुसऱ्या बँडच्या पानावर गेला? क्रम बरोबर आहे? सलग वाहणाऱ्या दोन गाण्यांमध्ये टक् असा आवाज तर येत नाही? चौथ्या गाण्याच्या नावात वेलांटी बरोबर आहे? आमची चुकली होती. वितरकाला रात्रीच मेल केला, दुरुस्ती मंगळवारी आली.